दुसऱ्या खेपेची बेकारी

नोकरी गेलेल्या माणसाला पहिल्या खेपेस समाजाकडून जी सहानुभूती मिळते ती, मध्यंतरी सात-आठ महिने कोठे तरी तात्पुरते काम करून तो पुन्हा रिकामा झाला म्हणजे, निम्मीसुद्धा उरत नाही. आणि समाजाच्या या वृत्तीचे प्रतिबिंब कायद्याच्या कलमांतही पडावे यात आश्चर्य नसले, तरी खेद करण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्या वेळी तो संकटग्रस्त असतो, दुसऱ्या वेळी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. वस्तुतः हाती आलेले तात्पुरते काम त्याने नाकारले असते तर आपणच त्याला आळशी ठरवले असते. ते त्याने पत्करले, निष्ठेने केले, आणि मुदत संपताच तो पुन्हा मदतीच्या दारात उभा राहिला, तर त्याला विचारले जाते की, तू पूर्वी एकदा आला होतास ना?

हा प्रश्न मूर्त स्वरूपात माझ्यासमोर आला तो बीडकडून चाकणला आलेल्या एका तरुण कामगाराच्या कागदपत्रांमुळे. भोसरीतील ज्या लहानशा कारखान्यात तो होता तो २०२० च्या टाळेबंदीत बंद पडला, तेव्हा कामगार राज्य विम्यातून त्याला नव्वद दिवसांचा बेकारी भत्ता मिळाला. त्यानंतरची वर्षे त्याने एकामागून एक अशा तीन ठेकेदारांकडे काढली. गेल्या सप्टेंबरअखेर तिसऱ्या ठेकेदाराने, तिकडच्या भाषेत सांगायचे तर, त्याला 'ब्रेक दिला'. पुन्हा भत्त्यासाठी केलेला अर्ज नामंजूर झाला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत पगारपत्रके, आधारपत्राची नक्कल आणि विम्याच्या दोन वेगवेगळ्या क्रमांकांचे कागद घेऊन तो माझ्या परिचयाच्या एका वकीलबाईंकडे आला. सोळा हजारांच्या पगारपत्रकात 'ईएसआय १२०' ही विम्याची कपात दर महिन्याला नोंदलेली होती. त्याचे म्हणणे एवढेच होते की, पैसे जर दर महिन्याला कापतात तर अर्ज का घेत नाहीत?

वकीलबाईंनी ती पिशवी रावसाहेबांच्या टेबलावर आणून ठेवली. रावसाहेबांचे सारे आयुष्य विम्याच्या दप्तरात गेले. निवृत्तीनंतरही नियमांची पुस्तके त्यांनी हातावेगळी केलेली नाहीत, आणि त्या नियमांवर त्यांची जी श्रद्धा आहे ती कोरड्या नोकरशाहीची नसून एका विश्वस्ताची आहे, हे मी प्रारंभीच नमूद करतो. त्या दोघांत जो वाद झाला तो ऐकण्याची संधी मला मिळाली.

"अर्ज नामंजूर झाला यात कचेरीचा अपराध नाही," कागद चाळून रावसाहेब म्हणाले. "अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ रोजी अमलात आली तेव्हापासून तिची अट निःसंदिग्ध आहे : जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि तेही हयातीत एकदा. प्रारंभी सरासरी रोजंदारीच्या पंचवीस टक्के मिळत. टाळेबंदी आली तेव्हा, २४ मार्च २०२० पासून ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी ते प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेले. दावा मालकामार्फतच यावा हा आग्रह सोडला. नव्वद दिवस वाट पाहण्याऐवजी तीस दिवसांनी अर्ज करण्याची मुभा दिली. या मुलाला त्या वेळी बारा हजार पगार असेल तर अठरा हजारांच्या आसपास रक्कम मिळाली असणार. त्याचा हक्क होता, तो त्याला मिळाला. आता बाकी शून्य आहे."

"बाकी शून्य आहे असे आपण विम्याच्या माणसाने म्हणावे याचेच मला नवल वाटते," वकीलबाई म्हणाल्या. "रावसाहेब, याच कायद्याखाली हा मुलगा तापाने आजारी पडला तर काय मिळते? सहा महिन्यांच्या अंशदान-कालावधीत अठ्ठ्याहत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असली की पगाराच्या सत्तर टक्के दराने, वर्षातून एक्याण्णव दिवसांपर्यंत आजारपणाचा लाभ मिळतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा आजारी पडला, तर तू गेल्या वर्षी आजारी होतास असे सांगून कोणी त्याला परत पाठवीत नाही. वर्गणी चालू राहिली म्हणजे हक्कही नव्याने उत्पन्न होतो, हेच विम्याचे तत्त्व ना? मग ताप दरवर्षी येऊ शकतो आणि बेकारी मात्र जन्मात एकदाच यावी, हा नियम कोणत्या तत्त्वावर उभा आहे?"

रावसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. "तापाचा दाखला डॉक्टर देतो, आणि डॉक्टरला त्या तापात काही मिळवायचे नसते. बेकारीचा दाखला कोण देतो? ज्याने त्याला बेकार केले तो ठेकेदार. आपण चाकणला रोज जाता. सेवेचे दोनशे चाळीस दिवस भरत आले की माणसाला घरी बसवतात आणि महिन्याने पुन्हा बोलावतात, हे आपणच मला सांगितले आहे. या प्रत्येक खंडाबद्दल विम्यातून भत्ता मिळू लागला तर ठेकेदार काय म्हणेल? 'जा बाबा, एक महिना ईएसआयचे पैसे खा, मग ये.' आज खंड देताना त्याच्या मनाला जी थोडीफार टोचणी लागत असेल तीही मग लागणार नाही. सगळ्या कामगारांच्या घामाची गंगाजळी मोजक्या मालकांच्या सोयीसाठी रिकामी होईल. दार अरुंद ठेवले आहे ते कामगाराला अडविण्यासाठी नव्हे; त्याच्या खांद्यावरून हात घालणाऱ्याला अडविण्यासाठी."

हा आक्षेप किरकोळ नव्हे, आणि कामगारांची बाजू मांडणारे लोक पुष्कळदा तो टाळून पुढे जातात हे मला नेहमीच खटकत आले आहे. बेकारीचा विमा हा एकच विमा असा आहे की ज्यातील आपत्ती निसर्गाने किंवा दैवाने येत नाही, तर एका माणसाच्या सहीने येते. आणि ती सही करणाऱ्याला तिच्यापासून लाभ होत असेल, तर विमा त्या आपत्तीचे निवारण करण्याऐवजी तिला खतपाणी घालील ही भीती सर्वथैव निराधार म्हणता येत नाही.

वकीलबाईंनीही ती टाळली नाही. त्या म्हणाल्या, "दार अरुंद केल्याने ठेकेदार अडला का? दोनशे चाळीस दिवसांचा खंड योजना नव्हती तेव्हाही होता, आजही आहे. अडला तो फक्त हा मुलगा. आणि त्याच्यासाठी दुसरे दार कोणते उरले आहे तेही आपण पाहा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून चालू आहे. तिच्यात पगाराच्या निम्म्या दराने भत्ता मिळतो. तिची मुदत प्रारंभी सहा महिन्यांची होती, ती वाढवत चोवीस महिन्यांपर्यंत नेली, आणि दुसऱ्या वर्षासाठी पंचवीस टक्क्यांचा दर ठेवला. मुख्य म्हणजे तो भत्ता बेकारीच्या वेगवेगळ्या टप्प्यांत घेता येतो, एकाच दमात संपवावा लागत नाही. पण तो कोणाला? कारखाना बंद पडला, औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगारकपात झाली, किंवा कायमचे अपंगत्व आले, तर. आणि ठेक्याची मुदत संपून गेलेली नोकरी ही कामगारकपातच नव्हे, असे १९८४ मध्ये त्या कायद्याच्या व्याख्येत नवे पोटकलम घालून ठरवले. म्हणजे ज्या योजनेत बेकारी पुन्हा पुन्हा येऊ शकते हे गृहीत धरले आहे, तिच्यात ठेक्याच्या कामगाराला प्रवेश नाही. आणि ज्या योजनेत त्याला प्रवेश आहे, तिच्यात बेकारी एकदाच येते असे गृहीत धरले आहे. कायम कामगाराची नोकरी आयुष्यात एखाद्या वेळी जाते, त्याला अनेक वेळांची सोय; ठेक्याच्या कामगाराची दर आठ-दहा महिन्यांनी जाते, त्याला एका वेळेची!"

मला वाटते, या सबंध प्रश्नाची गुरुकिल्ली वकीलबाईंच्या या चार वाक्यांत आहे. दोन्ही योजना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हेतूंनी, आणि बहुधा सद्‌हेतूंनीच तयार झाल्या; परंतु त्यांच्यामध्ये जी फट राहिली तिच्यातच आज पिंपरी-चिंचवडपासून रांजणगावापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातील ठेक्याचा कामगार उभा आहे.

रावसाहेबांनी ते पोटकलम काढून पाहिले आणि पुस्तक मिटले. "मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले, "पण इतिहास विसरून चालणार नाही. इंग्लंडने हाच उदारपणा करून पाहिला. पहिल्या महायुद्धानंतर वर्गणीचे बंधन सैल करीत गेले, मुदतीमागून मुदती वाढवल्या, आणि १९३१ पर्यंत त्यांच्या बेकारी निधीवर दहा कोटी पौंडांहून अधिक कर्ज चढले. त्या ऑगस्टमध्ये भत्त्यात दहा टक्के कपात करावी की नाही या एका प्रश्नावर मॅक्डोनल्डचे मजूर मंत्रिमंडळ कोसळले. त्याच वर्षी त्यांना खास कायदा करून हंगामी आणि अधूनमधून काम करणाऱ्यांचे दावे आवळावे लागले. मजुरांच्याच पक्षाला ते करावे लागले, वकीलबाई! खंडित रोजगार आणि बेकारी विमा यांचे जमत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले."

"त्या कायद्याचा सर्वांत मोठा तडाखा विवाहित स्त्रियांना बसला, हेही आपल्या पुस्तकात असेल," वकीलबाई म्हणाल्या. "निधी बुडाला तो वर्षानुवर्षे खाणी आणि जहाजांचे कारखाने ओस पडल्यामुळे, चार महिने काम आणि महिनाभर भत्ता अशा माणसांमुळे नव्हे. आणि इंग्लंडचाच दाखला घ्यायचा तर वीस वर्षे मागे जाऊ. १९११ चा पहिला कायदा कोणासाठी केला? इमारतबांधणी, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा धंद्यांसाठी, जेथे काम येते आणि जाते, पुन्हा येते आणि पुन्हा जाते. म्हणजे जगातील पहिला मोठा सक्तीचा बेकारी विमाच मुळी खंडित रोजगारासाठी जन्माला आला. त्याचे गणित किती साधे होते! पाच आठवड्यांच्या वर्गणीला एक आठवड्याचा भत्ता. आठवड्याला सात शिलिंग. बारा महिन्यांत फार तर पंधरा आठवडे. आणि रिकामपणाचा पहिला आठवडा ज्याचा त्याने सोसायचा. ज्याने अधिक भरले त्याचा हक्क अधिक, ज्याने कमी भरले त्याचा कमी. हयातीत एकदा हा शब्द त्यात कोठेही नाही."

आपल्या बाजूने पुढे केलेली साक्ष उलटी फिरली याचे रावसाहेबांना वाईट वाटले असे दिसले नाही. उलट त्या पाचास एक या प्रमाणावर त्यांचे मन रेंगाळले. ते काही वेळ कागदावर आकडेमोड करीत होते. मग म्हणाले, "या मुलाच्या पगारावर त्याचे १२० आणि मालकाचे ५२० मिळून महिन्याला ६४० रुपये जमा होतात. त्यातूनच औषधपाणी, त्यातूनच आजारपण, अपघात, बाळंतपण. १ जुलै २०१९ पासून वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली, हेही ध्यानात घ्या. बेकारीसाठी म्हणून वेगळा पैसा त्यात कोणी भरतच नाही. प्राध्यापक अदारकरांनी १९४४ मध्ये जी योजना आखली, आणि बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना जिची पूर्वतयारी झाली, ती आरोग्य विम्याची होती. १९४८ च्या मूळ कायद्यात आजार आहे, बाळंतपण आहे, अपंगत्व आहे, आश्रितांचे निवृत्तिवेतन आहे, बेकारी नाही. आजारपणाचा लाभ हा कायद्याने दिलेला हक्क आहे. बेकारीच्या या दोन्ही योजना मागाहून जोडलेल्या आहेत. अटल योजना तर प्रायोगिक म्हणून आली आणि मुदतवाढीवर चालत आली. जे मूळ इमारतीत नाही त्याला इमारतीइतके बळ कोठून येणार?"

"मग ते इमारतीत घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "वेगळी वर्गणी लावा, पण ती सर्वांना सारखी लावू नका. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने प्रत्येक राज्यात बेकारी विमा आणला. ज्या मालकाच्या माणसांचे दावे अधिक, त्याच्यावर कराचा दर अधिक, असा तेथील रिवाज आहे. आपला जो पहिला आक्षेप, की मालक आपला खर्च निधीवर ढकलील, त्यावर याहून सरळ उपाय मला सुचत नाही. ज्याला खंड द्यायचा आहे त्याने द्यावा. पण त्याची किंमत त्याच्याच वर्गणीत चढावी. १९११ च्या इंग्रजी कायद्यातही याची दुसरी बाजू होती : जो मालक माणसाला वर्षभर टिकवून ठेवी, त्याला वर्गणीचा तिसरा हिस्सा परत मिळे."

"आणि अमेरिकेतील मालक मग प्रत्येक दाव्याला हरकत घेतो," रावसाहेब तत्काळ म्हणाले. "कर चढू नये म्हणून तो लिहून देतो की हा माणूस स्वतः सोडून गेला. आपल्याकडचे ठेकेदार तर कोऱ्या कागदावर राजीनामे घेऊन ठेवतात."

"घेतात," वकीलबाईंनी कबूल केले. आणि या ठिकाणी त्यांच्या स्वरातील वादाची धार जाऊन काळजी आली. "त्याचे पुरावे माझ्या कपाटात आहेत. पण अमेरिकेच्या पद्धतीत दुसरी एक गोष्ट आहे ती मला मोलाची वाटते. तेथे एकदा दावा मंजूर झाला की त्याचे एक वर्षाचे खाते उघडते. मध्ये काम मिळाले तर भत्ता थांबतो. काम संपले तर तोच दावा पुन्हा चालू करता येतो, आणि उरलेली रक्कम मिळते. वर्ष उलटले तर नवा दावा करायचा, परंतु त्यासाठी मधल्या काळात खरोखर काम केलेले असले पाहिजे. म्हणजे तात्पुरती नोकरी हा तेथे दुसऱ्या दाव्याचा आधार ठरतो, अडथळा ठरत नाही."

"पूर्ण सत्य नाही," रावसाहेब म्हणाले. "नव्या दाव्याची रक्कम अलीकडच्या कमाईवरून ठरते. २०२० मध्ये चांगल्या पगाराच्या नोकरीवरून कमी झालेले लोक, मध्ये कोठे थोडे हलके काम केले म्हणून, वर्ष संपताच अगदी क्षुल्लक भत्त्यावर येऊन पडले, आणि तेथील काँग्रेसला त्या डिसेंबरात त्यांच्यासाठी दुरुस्ती करावी लागली. घरी बसलेल्याचे नुकसान झाले नाही. मिळेल ते काम करणाऱ्याचे झाले. हे मी आपल्या बाजूने सांगतो आहे, वकीलबाई."

वकीलबाई प्रसन्नपणे म्हणाल्या, "मग जर्मनीचेही आपणच सांगा."

रावसाहेबांनी सांगितले. तेथे न वापरलेला हक्क चार वर्षांपर्यंत शिल्लक राहतो, मध्ये नोकरी धरली म्हणून तो बुडत नाही. आणि ज्याने गेल्या दोन वर्षांत भत्ता घेतलेला आहे त्याने त्यानंतर कमी पगाराची नोकरी पत्करली, तरी पुढच्या बेकारीत त्याचा भत्ता जुन्या, वरच्या पगारावरूनच मोजतात. या तरतुदीत मला माणसाच्या स्वभावाची फार खोल जाणीव दिसते. तात्पुरते, हलके, आपल्या योग्यतेहून कमी प्रतीचे काम स्वीकारावे की नाही या विवंचनेत असलेल्या माणसाला कायदा तेथे आश्वासन देतो की, तू ते घे, त्यामुळे तुझे काही बुडणार नाही. आपल्या येथे असे आश्वासन कोणी देत नाही, आणि तरीही आपला कामगार ते काम घेतो, कारण गावाकडे पैसे पाठवायचे असतात आणि खोलीचे भाडे थांबत नाही.

"हयातीत एकदा ही अट विम्याच्या शास्त्रात बसत नाही, हे मी मान्य करतो," रावसाहेब शेवटी म्हणाले, आणि ज्याने पस्तीसेक वर्षे त्याच शास्त्राची चाकरी केली त्याच्या तोंडून ते ऐकताना मला फार बरे वाटले. "दानाला अशी अट घालता येईल, ज्याची वर्गणी चालू आहे त्याच्या हक्काला घालता येणार नाही. पाचास एक नसेल तर दहास एक करा, पण भरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हक्क पुन्हा भरत गेला पाहिजे. मात्र वाढीव वर्गणी ठेकेदारावर बसवाल तर तो उद्या नाव बदलून नवा ठेकेदार होईल."

"म्हणून ती मूळ मालकावर बसवा. आजही कायद्याने वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाचीच आहे. ठेकेदाराकडून त्याने ती मागाहून वसूल करायची. ज्या कारखान्याच्या फाटकातून माणूस आत गेला, त्या कारखान्याच्या खात्यावर त्याच्या बेकारीची नोंद पडू द्या."

"त्याला कारखानदार कबूल होणार नाहीत, आणि लहान कारखाना त्या बोजाखाली मोडेल. मला हे पटत नाही."

"मोठ्यांपासून प्रारंभ करा."

"मोठे सुटे भाग लहानांकडूनच करून घेतात. बोजा खालीच उतरेल."

हा तंटा त्या दिवशी मिटला नाही, आणि त्यात कोणाची बाजू सरस हे मलाही ठामपणे सांगता येणार नाही. मात्र हक्क वर्गणीबरोबर पुनरुज्जीवित व्हावा की नाही यावर आता त्यांच्यात मतभेद उरला नव्हता, ही गोष्ट मला कमी महत्त्वाची वाटत नाही. तेवढ्यात रावसाहेबांची नजर पिशवीतील त्या दोन विमा क्रमांकांवर गेली आणि ते चमकले.

"एका माणसाला दोन क्रमांक कसे?" त्यांनी विचारले. तिसऱ्या ठेकेदाराने जुना क्रमांक न विचारताच नवा काढला होता. असे सर्रास होते, वकीलबाई म्हणाल्या. रावसाहेबांनी पगारपत्रके तारीखवार लावली. ऑक्टोबर ते मार्च या कालावधीत जुन्या क्रमांकावर पंचेचाळीस दिवस आणि फेब्रुवारीपासून नव्या क्रमांकावर पन्नास दिवस भरलेले निघाले. वेगवेगळे धरले तर दोन्हीही अठ्ठ्याहत्तरांच्या आत, एकत्र केले तर पंचाण्णव. "म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत याला आणि याच्या आईला दवाखान्याचा लाभ आहे, आणि क्रमांक फुटल्यामुळे कोणी तो दाखवीत नाही. एप्रिल ते सप्टेंबर पूर्ण भरले आहेत, तेव्हा जानेवारी ते जूनही मिळेल. आईला मधुमेह आहे म्हणालात ना? भत्त्याचे निवेदन मी सविस्तर लिहून देतो, ते वर जाऊ द्या, त्याचा फैसला कधी होईल ते होवो. हा अर्ज मात्र उद्याच गेला पाहिजे."

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला, दोन्ही क्रमांक एकत्र करण्याविषयीचा मजकूर सांगण्यास प्रारंभ केला, आणि नोकरी सुटल्याची तारीख ठेकेदाराने संगणकावर चढवली आहे की नाही याची चौकशी त्या मुलाकडे आजच करा, नाही तर हाही अर्ज अडकून पडेल, असे वकीलबाईंना बजावले.